मेंफिसचा झाकोळलेला तारा

अमेरिकेतील मेंफिस शहरी आलेला प्रवासी एल्व्हिस प्रेस्लेच्या बंगल्याकडे धाव घेतो. मी मात्र मॅडिसन अव्हेन्यूवरच्या ‘आर्डेंट’ या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओची वाट धरली. ‘बिग स्टार’ ही चौघा तरुणांची रॉक मंडळी या ‘आर्डेंट’च्याच आश्रयाने वाढली. नाव उचलले ते स्टुडिओजवळच्या वाणसामानाच्या दुकानावरून! १९७२ सालच्या पहिल्या तबकडीचे नावही ऐटबाज: ‘नंबर वन रेकॉर्ड’. गिटारचा लखलखीत नाद, गोड स्वरमेळ आणि आत दडलेली हुरहूर. समीक्षकांनी तोंड भरून वाखाणणी केली. पण ‘स्टॅक्स’ कंपनीच्या वितरणाचा असा घोळ, की तबकडी दुकानांत पोचेचना! माल फळीवर नसेल, तर गिऱ्हाइकाने घ्यावे काय? १९७४ च्या दुसऱ्या तबकडीचीही तीच गत झाली.

क्रिस बेल १९७८ साली मोटार अपघातात गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याचा जोडीदार ॲलेक्स चिल्टन याच्या नावाचे गाणेच पुढे १९८७ साली ‘रिप्लेसमेंट्स’ मंडळींनी काढले. तो मान पाहायला बेल उरला नव्हता.

वाचकहो, मेंफिसला गेलात तर एल्व्हिसचा बंगला अवश्य पाहा. पण एक दुपार मॅडिसन अव्हेन्यूसाठीही राखून ठेवा.