रोवणीचे दिवस आणि तणसातली हंडी

आषाढ लागला म्हणजे वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावांतून दिवसा माणूस सापडत नाही. पऱ्हे उपटून बांध्यांत लावण्याचे काम पावसाच्या लहरीवर चालते. ते उद्यावर ढकलता येत नाही. सकाळी दहाच्या सुमारास बाया पदर खोचून चिखलात उतरतात, त्या दिवस मावळेपर्यंत वाकलेल्याच असतात. घरी आल्यावर त्यांच्यापुढे उभी राहते ती थंड चूल. लाकडे ओली, फुंकून फुंकून डोळे लाल, आणि भात उतरेपर्यंत लहान मूल भिंतीशी टेकून झोपी गेलेले. निजलेल्या मुलास उठवून जेवू घालणे किती कठीण हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. बहुधा ते तसेच उपाशी राहते. घरभेटीस संध्याकाळी निघणाऱ्या आम्हांस हे दृश्य पावसाळ्यात इतक्या घरी दिसते की, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरी, आखाती देशात नोकरीस असलेल्या मुलाने आईसाठी विजेचे एक भांडे आणले. आत जाड चिनी मातीची हंडी, वर काचेचे झाकण, बाहेर मंद आचेची व्यवस्था. सोबत इंग्रजी पाककृतींची पुस्तिका होती. ती पुढे करून माउली म्हणाली, “फादरजी, यात काय लिहिले आहे तेवढे सांगा.” आम्ही वाचून दाखविले: गोमांसाचे मोठे तुकडे, बटाटे, गाजर, कांदा आणि थोडे पाणी एकत्र घालावे, झाकण लावावे, आणि आठ तास तिकडे फिरकू नये. माउली हसली. “ते मटण इथे कुठून आणू, आणि आठ तास लाइन कुठून आणू?”

दोन्ही प्रश्न रास्त होते. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या वधास बंदी आहे. तेव्हा पुस्तिकेतील पहिलाच जिन्नस आपल्या पातेल्यात येणार नाही. त्याची हळहळ करण्याचे कारण नाही. आपल्या बाजारात बकरा मिळतो, आणि जून बकऱ्याचा खांदा व नळी ह्यांना मंद आच जितकी मानवते तितकी दुसऱ्या कशालाही नाही. विजेची अडचण मात्र मोठी आहे. असे भांडे सुमारे दोनशे वॅट वीज घेते, म्हणजे आठ तासांत दीड-दोन युनिट. खर्च भारी नव्हे. पण पावसाळ्यात दुपारी वीज गेली, दोन-तीन तासांनी आली, आणि घरी कोणी नसले, तर मधल्या वेळात मटण कोमट राहून नासले की काय हे संध्याकाळी कोण सांगणार?

ह्या भांड्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन नामक यहुदी संशोधकाने त्याचे पेटंट १९४० साली मिळविले. त्याच्या आईने त्यास लिथुआनियातील एक रीत सांगितली होती. शब्बाथ दिवशी चूल पेटवावयाची नाही, ही आज्ञा निर्गम ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात आपणही वाचतो. म्हणून तेथील यहुदी बायका शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवड्याचे दाणे व बटाटे ह्यांची हंडी गावच्या भटारखान्यातील विझत्या भट्टीत ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशी गरम अन्न घरी नेत. नॅक्सनने त्या भट्टीच्या जागी विजेची तार बसविली. पुढे १९७१ मध्ये एका कंपनीने ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ ह्या नावाने बाजारात आणले आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले. आपल्या देशात तर त्याच्याही आधी, १९१० साली, कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक ह्यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. तळाशी कोळशाची छोटी शेगडी, वर एकावर एक डबे. भात, डाळ व मांस वाफेवर आपोआप शिजे आणि मालक खुशाल कामावर जाई. एकट्याने राहणाऱ्या माणसांना तो मोठा आधार होता.

तेव्हा मूळ युक्ती विजेची नव्हेच. ती उष्णता कोंडून धरण्याची आहे. आणि उष्णता कोंडणारी वस्तू बालाघाट जिल्ह्यात रस्तोरस्ती ढीग घालून ठेवलेली आहे: तणस. धानाच्या ह्या पोकळ काड्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही. थंड देशांतील शेतकरी गवताच्या पेटीत अशीच हंडी ठेवीत. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई पडली तेव्हा इंग्लंडमधील गृहिणींनीही तीच पेटी पुन्हा वापरात आणली. आमच्या माहेरी, म्हणजे वसईकडे, उकडहंडी मंद आचेवर होते. इकडे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. मंद आच आपणांस काही परकी नाही.

आता कृती. बांबूची मोठी टोपली किंवा लाकडी खोके घ्यावे, आत पोते अंथरावे, तळाशी व चहूबाजूंनी वीतभर जाडीचे तणस दाबून बसवावे आणि मधोमध गंजाच्या आकाराची जागा ठेवावी. एका पोत्यात तणस भरून वर ठेवण्यास जाड उशी शिवून घ्यावी. तणस कोरडे हवे. पावसाळ्यात ढिगाच्या वरचे घेऊ नये, पोटातले घ्यावे.

सहा-सात माणसांसाठी एक किलो बकऱ्याचे मटण, पाऊण किलो बटाटे, चार कांदे, लसूण, आले, हळद, तिखट, धने, भाजलेले खोबरे व थोडी खसखस. कांदा तेलात तांबूस होऊ द्यावा, त्यात वाटण आणि मग मटण परतावे, मीठ व दीड लिटर कढत पाणी घालून झाकण ठेवावे आणि चांगला पाऊण तास शिजू द्यावे. मग बटाटे घालावे, अर्धे चिरून. बारीक फोडी नकोत. (बाजारात त्यांस आलू म्हणावे लागते. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, तो आम्हां वसईकरांच्या तोंडून अजून जात नाही.) बटाट्यांसह आणखी दहा-बारा मिनिटे खळखळा उकळावे. ही उकळी चुकवू नये, कारण मटण मंद आचेवर मऊ होते, पण बटाट्यास तेवढी ऊब पुरत नाही. विजेच्या भांड्यातही म्हणूनच बटाटे तळाशी घालावयाचे असतात. चिंच किंवा टोमॅटो ह्या वेळी घालू नये. आंबटात बटाटा निबर राहतो. ते शेवटी.

गंज उकळत असतानाच झाकणासकट उचलून टोपलीत ठेवावा, वर उशी दाबावी, आणि मग उघडून पाहण्याचा मोह आवरावा. गंज काठोकाठ नसला तरी तीन हिस्से भरलेला असावा. अर्ध्या रिकाम्या गंजाची उष्णता लवकर उतरते. पाच ते सहा तासांत मटणातील चिवट पडदे वितळून रस्सा दाट होतो आणि हाड हाताने सुटते. सहा तासांहून अधिक ठेवू नये. उघडताना भरपूर वाफ आली पाहिजे. आली म्हणजे गंज पुन्हा चुलीवर चढवून एक उकळी आणावी, सांबार चिरून टाकावा आणि चिन्नोरच्या भातावर वाढावे. आपल्या जिल्ह्याच्या ह्या तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा मान ताटातही राखावा. वाफ आली नाही, अन्न नुसते कोमट लागले, तर ते फेकून द्यावे. मटणाचा भाव पाहता हे लिहिताना आमचाही हात अडखळतो, परंतु कोमट राहिलेल्या मांसात जे विष तयार होते त्यातील काही पुन्हा उकळूनही जात नाही.

कोणी म्हणेल, घरोघरी शिट्टीचा कुकर आहे, २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आहे, हे तणस कशाला? कुकर उत्तमच; पण त्याच्यापाशी माणूस लागतो, आणि माणूस तर बांधीत आहे. सिलिंडर संपला की पुन्हा भरून आणण्यास पैसा लागतो, आणि रोवणीच्या तोंडावर तो बी-खतात गेलेला असतो.

दहाला घरून निघून सहाला परतणाऱ्या बाईस सहा तासांचे गणित जुळत नाही, हे आमच्या ध्यानात आहे. तर गंज चढवावा कोणी? चिखलणी करणारा गडी पहाटे बैल जुंपतो आणि दुपारी बैल दमले म्हणजे सोडतो. ट्रॅक्टर असला तर काम आणखी लवकर आटोपते. दुपारी बारा ते एक ह्या वेळात घरी असतो तो पुरुष. सकाळी वाटण करून ठेवण्यास बाई तयार आहे. मटण परतून गंज टोपलीत ठेवणे हे काम काही सोहळ्याचे नाही. आम्ही हे रविवारी मंडळींपुढे मांडले तेव्हा पुरुषांच्या बाजूस बराच हशा पिकला. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “फादरजी, लोक काय म्हणतील?” आम्ही त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडून दिला: रात्रभर जाळी ओढून दमलेले शिष्य किनाऱ्यास लागले तेव्हा निखारे पेटवून मासळी भाजत कोण बसले होते, ते पाहा. गृहस्थ गप्प झाले. पटले की नाही ते कळले नाही.

त्या विजेच्या भांड्याच्या घरी मात्र टोपली सुरू झाली आहे. माउलीचा नवरा दुपारी गंज चढवितो; पहिल्या खेपेस त्याने मीठ दोनदा घातले आणि सर्वांनी जास्तीच्या भाताबरोबर ते संपविले. धाकटी मुलगी आता झोपण्यापूर्वी जेवते. विजेच्या भांड्यात, लाइन असेल त्या रात्री, माउली हरभरे शिजत ठेवते. हरभरे आधी भिजवून एक उकळी दिलेले असावे. तणसाचे म्हणाल तर दर पंधरवड्यास उन्हाची तिरीप दिसली की ते बाहेर पसरावे, वास येऊ लागल्यास बदलावे, आणि काढलेले तणस बैलांपुढे न टाकता खताच्या खड्ड्यात घालावे.