परमुलखातली खुरपणी

दिवाळी सरली की केडगावपासून पाटसपर्यंत आणि खाली थेट भीमेच्या काठापर्यंत हवेला एक वास लागतो. गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली असतात, चिपाडाचा धूर थंडीमुळे वर न जाता उसाच्या पाल्यावरच रेंगाळतो, आणि त्यात उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट दरवळ मिसळून जातो. दौंडकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून तो आत आला की माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटतं आणि काहिलीशेजारचा गुळव्या दिसू लागतो. रानभेंडीच्या चिकानं वर आलेली मळी निगुतीनं काढणारा, मग चिमूटभर पाक थंड पाण्यात सोडून तो बोटांनी वळून पाहणारा. घड्याळ नाही, तापमापक नाही. त्याचं सारं शास्त्र त्या दोन बोटांच्या मध्ये. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून रसात हायड्रोसची पावडर पडू लागली, आणि जो ती टाकत नाही त्याची तांबूस-काळपट ढेप आडतीवर वर्षानुवर्षं मागं पडत राहिली. आता तीच ढेप पुण्याची माणसं सेंद्रिय म्हणून शोधत येतात.

सेंद्रिय म्हटलं की हल्ली मला माझी भाची आठवते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला बहिणीचं रान आहे. ऊस, कांदा, थोडी तरकारी. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला जायचं आणि उसात बिबट्या असेल म्हणून हातात बॅटरी, तोंडानं मोठ्यानं बोलत राहायचं, अशा घरातली ही मुलगी जर्मनीत शिकायला गेली आणि वसंतातल्या सुट्टीत इटलीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतावर राहायला गेली. ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या गोळा करायच्या, लसणाच्या वाफ्यातलं तण काढायचं, आणि त्याबदल्यात दोन वेळचं जेवण नि एक खोली. ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज दुखावलेला होता. "शेतात राबायला लागू नये म्हणून शिकवली रे, आणि ही पोरगी पैसे न घेता लोकाच्या रानात वाकलीय."

या रीतीला जगभर वूफ म्हणतात. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंना शहरात राहून खेड्याची ओढ अस्वस्थ करू लागली. शनिवार-रविवारी शेतावर जाऊन काम करायचं, अशी जाहिरात त्यांनी दिली आणि ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर मोजक्या माणसांचा पहिला गट पोचला. तिथून ही कल्पना देशोदेशी पसरली. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, शेतकऱ्याच्या ताटातलं जेवण, त्याच्या छपराखाली झोप. पैशाची देवघेव नाही. वाचताना मला ते अजिबात परकं वाटलं नाही. आपल्याकडे इर्जिक होतीच की. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं तर भावकीतले, शिवारातले आपापल्या बैलजोड्या घेऊन यायचे आणि दिवस मावळताना त्या घरी पंगत बसायची. बाया खुरपणीला एकमेकींच्या सावडीनं जायच्या. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ट्रॅक्टर आला, रोजंदारी आली, आणि ते हळूहळू विरत गेलं. त्यात वाईट कुणी नव्हतं. फक्त परतफेडीचं माप बदललं.

परदेश पाहून पुन्हा मातीशी येणं हेही या भागाला नवं नाही. केडगाव स्टेशन आलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, तिथली माणसं डोळसपणे पाहिली, 1889 साली त्यावर मराठीत प्रवासवृत्त लिहिलं. आणि पुढच्या काही वर्षांत याच केडगावच्या कोरड्या माळावर जमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली तिथं वाढल्या, हातांनी काम शिकल्या, आणि मिनी एब्रम्ससारख्या अमेरिकन बाया या उन्हात येऊन त्यांच्याबरोबर राहिल्या. तिकडे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर क्रांतीच्या ध्यासानं देश सोडून गेलेले, अमेरिकेत मिळेल ती मजुरी करत शेती शिकले आणि मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात मका नि गव्हाच्या वाणांवर काम करत राहिले. तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतून 1967 साली ते नागपुरात वारले. मराठी माणूस परमुलखात गेला तो केवळ नोकरीसाठी, असं जे आपण सहज बोलून जातो, त्यात असली माणसं सुटून जातात.

भाचीचे निरोप रात्री उशिरा यायचे. एकदा तिनं लिहिलं, "मामा, इथली आजी खुरपं आपल्याकडे ओढत नाही. उभ्यानं, लांब दांडा धरून पुढं ढकलते. मी बसून काढायला गेले तर हसली." मग थोड्या वेळानं आणखी एक ओळ. "आईचे गुडघे का दुखतात, ते मला इथं कळलं." मी ती ओळ ताईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मुलीचा अभ्यास बुडू नये म्हणून तिनं तिला कधी पातीला बसू दिलं नव्हतं. आईच्या दिवसातले सात-आठ तास मुलीपासून कायम झाकलेलेच राहिले होते. ते उघडायला एवढा मोठा समुद्र ओलांडावा लागला याचं मला वाईट वाटतं, आणि उघडले याचं समाधानही वाटतं.

पण विचार तिथंच थांबत नाही. ज्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा फिरू लागतो, त्याच आठवड्यात बीड-अहिल्यानगरकडून टायरगाड्या येतात आणि उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, वाढं विकून चार पैसे सुटे करायचे, पाचटात लेकरू निजवायचं. तेही आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या शेतावर राबायला आलेले असतात. भाचीला नको वाटलं तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसू शकते. कोपीतली बाई बसू शकत नाही. कष्टात गोडी येते ती हा दरवाजा उघडा असल्यामुळे, असं मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागलं आहे. म्हणून भाचीचा प्रवास मला खोटा वाटत नाही. फक्त तिच्या वाट्याला आलेली मोकळीक किती थोड्यांच्या वाट्याला येते, हे तिनं विसरू नये एवढंच वाटतं. ती विसरणार नाही. सुट्टीत आली तेव्हा ती आईशेजारी कांद्याच्या वाफ्यात पातीला बसली, आणि जाताना ताईला लांब दांड्याचं खुरपं गावच्या लोहाराकडून करवून देऊन गेली. ताई ते वापरते.

तुमच्या घरातलं कुणी असं निघालं असेल तर त्याला अडवू नका. व्हिसाच्या अटी मात्र नीट विचारून घ्या, कारण जेवण नि मुक्कामाच्या बदल्यात केलेलं काम अनेक देशांत कामच धरलं जातं आणि पर्यटकाच्या व्हिसावर ते चालत नाही. आणि निघण्याआधी त्याला एक हंगाम आपल्याच भागात, एखाद्या ओळखीच्या रानात राहू द्या. तिथल्या रोजंदारीच्या बाईची मजुरी त्याच्यामुळे बुडणार नाही, एवढी काळजी घेऊन.