कोसबाडची टेकडी आणि अंगणातली शाळा

डहाणू रोड स्टेशनवर उतरून आम्ही चिकूच्या वाड्यांमधून कोसबाडच्या टेकडीकडे निघालो. सोबत घरातली लहान मुलं होती. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज वापरतो. तो ज्या कामातून पुढं आला, ते काम याच परिसरात झालं.

१९४५ साली ताराबाई मोडक जवळच्या बोर्डी गावात आल्या, तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. ताराबाईंनी आईबापांना बोल लावला नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडं जावं, असं त्यांनी ठरवलं. शिक्षिका वस्तीत गेल्या. अंगण झाडलं, मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले आणि तिथंच गाणी-गोष्टी सुरू केल्या. हीच अंगणवाडी.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडला आलं. इथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायची. मग शाळाही त्यांच्यामागं कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं ‘कुरणशाळा’. गुरं चरत राहायची, मुलं शिकत राहायची. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती आली. मोजायला बिया, रंग ओळखायला पानंफुलं आणि बोटांना वळण लावायला ओली माती.

आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटली ती ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी! धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठ्या बहिणीची शाळा बुडायची. भावंड पाळणाघरात राहिलं की ती शेजारी निवांत शिकू शकायची. कडेवर भाऊ घेऊन दारात उभी असलेली अशी आपा आपल्या मोहल्ल्यांतही दिसते. तिची तालीम तिथंच थांबते, आणि घरात कुणाला ते फारसं खटकतही नाही.

दुसरीकडं, तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आपण पेन्सिल देतो, बंद खोलीत बसवतो आणि त्यासाठी पोटाला चिमटा काढून फी भरतो. आपल्या दाट वस्त्यांत कुरण नाही, अंगणही क्वचितच. पण इमारतीची गच्ची आहे, जवळची बाग आहे, सुट्टीत गावाकडचं शेत आहे. चार घरच्या अम्मी आणि एखादी दादी मिळून सकाळचा एक तास मुलांना मोकळ्यावर नेऊ शकतात. कुंडीत मेथी पेरावी, मुंग्यांची रांग बघू द्यावी, चिंचोके मोजू द्यावेत. कपडे मळतील, ते धुता येतात. आणि भावंडाला सांभाळणारी आपा त्या तासात वही उघडून बसू शकेल, एवढं मात्र आवर्जून बघावं.