लहान पाकिटांचा भार

गेल्या पावसाळ्यांत कचेरीसाठीं घ्यावयाचा एक राउटर पारखून पाहण्याचें काम मजकडे आलें. माहितीचें प्रत्येक पॅकेट म्हणजे पत्ता लिहिलेलें पाकीटच. तो पत्ता वाचून पाकीट योग्य वाटेला लावावयाचें, हा राउटरचा धर्म. त्याची कसोटी घेणारीं खास यंत्रें मिळतात, पण तीं आमच्या ऐपतीबाहेरचीं. तेव्हां मीं अडगळींतला एक जुना स्विच काढला, कचेरीच्या जाळ्यापासून दूर मांडला आणि त्याचे दोन पोर्ट एकाच केबलनें एकमेकांस जोडले.

एरव्ही असें करणें म्हणजे अपराधच! इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते. वर्तुळांत सांपडलें कीं तें फिरतच राहतें आणि फेरीगणिक त्याच्या नकला इतर पोर्टांतून बाहेर पडतात. असें वर्तुळ तोडणारी स्पॅनिंग ट्री नांवाची योजना स्विचमध्यें असते. ती मीं बंद केली, पत्ते लक्षांत ठेवण्याची त्याची सवयही बंद केली आणि राउटरच्या नांवचीं कांहीं पाकिटें आंत सोडलीं. क्षणार्धांत राउटरवर अखंड लोंढा कोसळूं लागला. पलीकडे दुसरा स्विच पोंचलेलीं पाकिटें मोजीत होता.

१५१८ बाइटांचीं पाकिटें सोडलीं, तेव्हां एकही गळलें नाहीं. ६४ बाइटांचीं सोडलीं, तों निम्म्याहून अधिक वाटेंतच नाहींशीं झालीं! केबल तीच, वेगही तोच, सेकंदाला एक अब्ज बिट. पण त्या वेगानें मोठीं पाकिटें सेकंदाला ८१,२७४ येतात, तर लहान १४,८८,०९५; आणि पाकीट लहान असो वा मोठें, पत्ता वाचण्याचे श्रम सारखेच. राउटर ओझ्यानें नव्हे, संख्येनें थकला होता. १९९९ सालच्या आरएफसी २५४४ या कसोटीच्या नियमांत लहानमोठ्या अनेक आकारांचीं पाकिटें सोडून पाहावयास कां सांगितलें आहे, तें मला तेव्हां उमगलें.

त्याच आठवड्यांत वहिनींना भोंवळ आली. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली, तेव्हां मीच म्हणालों होतों, "स्वयंपाकाला बाई आहे, धुणें यंत्र करतें, वहिनींना जड काम तें कोणतें?" आतां एका रविवारीं मीं बसून मोजूं लागलों. अण्णांचें औषध, दूधवाल्याचा हिशेब, मुलांचीं भांडणें, माझा चहा. प्रत्येक निरोप चिमुकला. पण प्रत्येकाचा पत्ता वहिनींनींच वाचावयाचा. दहा वाजेपर्यंत माझ्या एकट्याच्याच सात हांका झाल्या होत्या. मीं मोजणें सोडून दिलें.

सायंकाळीं राउटरची हकीकत त्यांना सांगितली. त्यांनीं शांतपणें विचारलें, "मग भावोजी, त्या यंत्राचें काय केलेंत?"

"परत पाठविलें."

"नशीबवान!" वहिनी हंसून म्हणाल्या आणि उठूं लागल्या, आंतून त्यांना हांक आली होती. त्यांना बसवून मीच आंत गेलों. अण्णांना चष्मा हवा होता. तो शोधावयास मला अर्धा तास लागला.