व्यायाम करणारा वाघ

लेक लहान असताना आमची शुक्रवारची ठरलेली सहल म्हणजे जुमैराचं दुबई झू. १९६७ साली सुरू झालेलं ते प्राणिसंग्रहालय जेमतेम दोन हेक्टरांचं. तिकीट दोन दिरहम. वाघ गजांमागे सारख्या येरझाऱ्या घालायचा. "बाबा, तो काय शोधतोय?" लेकीनं विचारलं. "व्यायाम करतोय," मी ठोकून दिलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं.

नोव्हेंबर २०१७मध्ये ते झू बंद झालं आणि डिसेंबरात अल वरकात दुबई सफारी पार्क उघडलं, तब्बल ११९ हेक्टरांवर. मूळची ती जागा शहराचा कचरा टाकण्याची! आज तिथे झाडं आहेत, पाणथळ जागा आहेत.

पुण्याहून आलेल्या आजोबांना तिथे नेलं. "आपल्या पेशवे पार्कातले प्राणी असेच कात्रजला गेले," ते म्हणाले. वाळवंट विभागात अरबी ओरिक्स दिसले. १९७२च्या सुमारास ही पांढरी हरणं रानातून नामशेष झाली होती. बंदिवासात सांभाळलेल्या मोजक्या प्राण्यांपासून वंश वाढवून ती पुन्हा वाळवंटात सोडली गेली. म्हणजे कुंपणालाही अर्थ असतो, पण आतल्या जिवासाठी ते घातलं असेल तरच.

एक ओरिक्स सावलीत निवांत रवंथ करत बसला होता. आता कॉलेजात जाणारी लेक हळूच म्हणाली, "बाबा, हा व्यायाम करत नाहीये."

तिला सगळं आठवत होतं. मी मान खाली घातली, आणि हसलोही.