उंची कुठून मोजायची?

दुकानदार सांगतो ती उंची काचेची. समुद्रघोड्याच्या कामाची उंची मात्र वाळूच्या थरापासून पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंतच. अमेरिकेत जोडीसाठी हटकून सुचवला जाणारा २९ गॅलनचा, म्हणजे साधारण ११० लिटरचा टँक १८ इंच उंच असतो. तळाला दीड इंच वाळू, वर इंचभर मोकळी जागा, उरले साडेपंधरा. प्रौढ समुद्रघोड्याला त्याच्या उंचीच्या तिप्पट पाणी हवं, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. घरोघरी दिसणारा हिप्पोकॅम्पस इरेक्टस पाच-साडेपाच इंचांचा. म्हणजे हिशेब अगदी काठावर.

(भारतात हा हिशेब कागदावरच ठेवावा. २००१ साली समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले; ते घरी पाळणं गुन्हा आहे. अमेरिकेतले शौकीन हवाई बेटांवरच्या कोना इथल्यासारख्या शेतीत जन्मलेले मासे घेतात.)

तिप्पट कशासाठी? एरवी हा प्राणी फारसा वर-खाली करतच नाही. शेपटीने एखादी फांदी धरायची आणि तोंडासमोर आलेली कोळंबी सुर्रकन ओढायची, एवढाच त्याचा दिनक्रम. उंची लागते ती मीलनाला. नर-मादी एकमेकांभोवती घुटमळतात, त्यांचे रंग उजळतात, आणि शेवटी पोटाला पोट भिडवून दोघं सरळ वर चढतात. त्या चढणीत मादी आपली अंडी नराच्या पिशवीत सोडते. पाणी उथळ असलं की चढण अर्ध्यावर संपते, नेम चुकतो आणि अंडी वाळूवर सांडतात.

उंच टँकच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. समुद्रघोड्यांच्या शेपटीवर किंवा पिशवीत वायूचे बुडबुडे साचण्याचा आजार होतो. खोल पाण्याच्या दाबाने तो टळतो म्हणे. पण पाण्यात दहा मीटर खाली गेल्यावर कुठे एका वातावरणाइतका दाब वाढतो. अर्ध्या मीटरच्या टँकमध्ये वाढ जेमतेम पाच टक्के. एवढ्या भांडवलावर उंचच उंच नळकांडं विकत घेणं पटत नाही.

तरी षटकोनी टँक आणि नळकांडी खपतात, कारण दिवाणखान्यात ती देखणी दिसतात. अडचण नंतर कळते. जितकं पाणी उभं रचाल, तितका हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी आणि पाण्यात प्राणवायू मिसळायला वाव कमी. शिवाय समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं झरझर पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा गोठवलेली मायसिस कोळंबी द्यावी लागते आणि उरलेली तळातून काढावी लागते. राहिली की सडते, जिवाणू माजतात. त्याच भीतीने उष्ण कटिबंधातल्या जातींचं पाणीही २३ अंशांच्या आसपास ठेवतात. अडीच फूट खोल, अरुंद टँकचा तळ गाठायला हात काखेपर्यंत बुडवावा लागतो, आणि असा उपद्व्याप रोज कोण करतो?

मग आकार कोणता? साधा आयतच. फक्त २९ऐवजी ३७ गॅलनचा. तळ तोच, ३० बाय १२ इंच. उंची मात्र २२. त्या चार इंचांत जोडीला पुरेशी चढण मिळते आणि हातही तळाशी पोचतो. पंपाच्या तोंडावर तेवढा स्पंज हवा, नाहीतर धरायला काहीतरी शोधणारी शेपटी नेमकी तिथे जाते.

पिल्लं झाली की हा सगळा विचार बाजूला पडतो. बऱ्याच जातींची पिल्लं पृष्ठभागाकडे जातात, हवा गिळतात आणि तरंगत राहतात. त्यांना गोल फिरणाऱ्या प्रवाहाचा, कोपरे नसलेला टँक लागतो. वुल्फ ग्रेव्हे यांनी १९६८मध्ये प्लवकांसाठी मांडलेल्या रचनेच्या वळणाचा.

आणि मेक्सिकोच्या आखातातला बुटका हिप्पोकॅम्पस झोस्टेरे तर मोठ्यांनाही हे नियम लागू होऊ देत नाही. तो जेमतेम इंचभर. त्याला ३७ गॅलनमध्ये सोडलं, तर त्याचं खाणं असलेली, आर्टेमिया या चिमुकल्या कोळंबीची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं एवढ्या पाण्यात विखुरतात आणि तो उपाशी राहतो. त्याच्यासाठी पाच गॅलनचा छोटा टँकच घेतात.