गोदीतले आकडे

(लिव्हरपूलमधल्या अमेरिकी कौन्सुलच्या कचेरीतील एका कारकुनाची, अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातली कल्पित रोजनिशी)

15 मे 1862
पलीकडे बर्कनहेडला, लेअर्डच्या गोदीत 290 क्रमांकाचं जहाज पाण्यात उतरलं. नाव ‘एन्रिका’. मालक कोण, कुणी बोलत नाही. दक्षिणेच्या बंडखोरांचा माणूस बुलक, हे सगळ्या शहराला ठाऊक. शहराला ठाऊक असलेलं कोर्टात चालत नाही.

21 जुलै
आमचे कौन्सुल डडलीसाहेब यांनी शपथेवरच्या जबान्या कस्टम्सच्या कलेक्टरपुढे ठेवल्या. एक खलाशी स्पष्ट सांगतो, दक्षिणेच्या बाजूने लढायला भरती केलं. पुन्हा गोदीत काम मिळेल का त्याला?

23 जुलै
कस्टम्सला पुरावा अपुरा म्हणे. बॅरिस्टर कॉलियर यांचं मत मात्र पक्कं : जहाज अडवा, नाहीतर परक्यांच्या युद्धासाठी इथे जहाज सज्ज करायला बंदी घालणारा 1819 चा कायदा असून नसल्यासारखा. रात्रभर नकला केल्या.

27 जुलै
कागद लंडनला, सरकारी कायदेपंडितांकडे. उत्तर नाही.

29 जुलै
गेलं. डेकवर पाहुणे, बायका. चाचणी फेरी म्हणे. संध्याकाळी पाहुणे टगबोटीतून परतले. जहाज नाही.

ऑक्टोबर
आता त्याचं नाव ‘अलाबामा’. तोफा ॲझोर्स बेटांजवळ चढवल्या. इथून नि:शस्त्र निघालं, म्हणून कायदा शाबूत. आमची व्हेल मारणारी जहाजं जळताहेत.

31 डिसेंबर
दक्षिणेच्या बंदरांची आमची नाकेबंदी, म्हणून लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून थंड. मुंबईहून येतो तो सुरती कापूस कामगारांना नको, धागा तुटतो. तरी आज मँचेस्टरला सभा घेऊन त्यांनी लिंकनना पाठिंबा दिला. चूल पेटत नाही, तरी गुलामी नको म्हणतात. डोळे भरून आले.

24 जून 1863
दक्षिणेसाठी बांधलेल्या ‘अलेक्झांड्रा’ जहाजाचा खटला. सरकार हरलं. जहाज बांधून विकणं गुन्हा नाही म्हणे. मग काय उरलं आमच्या हाती?

4 जुलै
आमचा स्वातंत्र्यदिन. आजच 294 उतरलं. चिलखती. नाळेला पाण्याखाली लोखंडी टोक, नाकेबंदीवरच्या आमच्या लाकडी जहाजांची पोटं फाडायला. कागदोपत्री मालक फ्रेंच व्यापारी, गिऱ्हाईक इजिप्तचा पाशा.

29 ऑगस्ट
295 सुद्धा.

7 सप्टेंबर
लंडनहून कळलं. तिथले आमचे दूत ॲडम्ससाहेब यांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री रसेल यांना लिहिलं : ही जहाजं सुटली तर ते युद्धच. झोप नाही. दोन युद्धं कशी पेलायची आम्ही?

9 सप्टेंबर
अडवली! दोन्ही!

10 सप्टेंबर
ग्लासगोतही दक्षिणेसाठी जहाज बांधताहेत. तिथे जबानी द्यायला कोण तयार होईल? सकाळपासून पत्रं लिहितोय.